गावाच्या डोक्यावरचे ‘लघु’ धरण : सात पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

ज्या धरणाविषयी हा अभिप्राय आहे ते रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. त्याची मालकी राज्य शासनाची आहे आणि आमचे घर त्याच्या भिंतीपासून वहाळाच्या काठाकाठाने चालत पंचवीस मिनिटांवर आहे. धरणाचे आणि ते सांभाळणाऱ्या कार्यालयाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. ज्या कर्मचाऱ्यांनी मला खरी परिस्थिती सांगितली त्यांना त्याचा त्रास होऊ नये हे एक कारण, आणि पुढे जे उणे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने अशा अनेक धरणांना लागू पडेल असे मला वाटते, हे दुसरे. मी अभियंता नाही. बँकेतली नोकरी संपवून २०१९ च्या मे महिन्यात मी सासरच्या गावी राहायला आले आणि त्यानंतरचे सात पावसाळे हे धरण मी ग्राहक म्हणून वापरले आहे व शेजारी म्हणून त्याच्यावर नजर ठेवली आहे. शासनाच्या कोणत्याही सेवेविषयी लिहायचे तर ती काय देते आणि बिघडली तर काय घेऊन जाते, हे दोन्ही पाहावे लागते. धरणाच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला लिहिण्यासारखे जास्त आहे, म्हणून हा अभिप्रायही त्या बाजूला झुकलेला आहे.

धरण मातीचे आहे, म्हणजे दोन टेकड्यांमधल्या घळीत मातीचे थरावर थर चढवून, रोलरने दाबत उभा केलेला हा बांध आहे. मधोमध पाण्याला सहसा वाट न देणाऱ्या चिकण मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे जाड कवच, पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे पिचिंग आणि गावाकडच्या उतारावर गवत, अशी त्याची रचना आहे. गावाकडच्या पायथ्याशी दगडांचा एक बुटका पट्टा आहे, त्याला इथे सगळे ‘टो’ म्हणतात. भरावातून झिरपणारे पाणी तिथून बाहेर पडून चरात उतरावे आणि माती मात्र जागेवर राहावी, यासाठी त्याच्या आत वाळूचे व खडीचे गाळणीसारखे थर घातलेले असतात. डाव्या टेकडीला लागून कातळ फोडून काढलेला सांडवा आहे. जलाशयाच्या आत, भरावापासून थोड्या अंतरावर, सिमेंटची एक विहीर उभी आहे आणि तिच्यातली झडप फिरवली की भरावाखालच्या नळातून कालव्यात पाणी येते. यंत्र म्हणावे असे या सगळ्यात ती एक झडपच आहे. बाकीचे काम माती, दगड आणि उतार करतात. पायथ्यापासून माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या मी मोजल्या आहेत, त्या एकशे अठरा भरतात.

फलकावर मात्र ‘लघु पाटबंधारे योजना’ असे लिहिलेले आहे, आणि माझ्या मते सगळा घोटाळा या ‘लघु’ शब्दापासून सुरू होतो. पाटबंधाऱ्यांच्या भाषेत लघु, मध्यम आणि मोठा हे भेद भिजणाऱ्या शेतीवरून ठरतात: लाभक्षेत्र दोन हजार हेक्टरपर्यंत असेल तर प्रकल्प लघु, दहा हजारांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा. भिंत किती उंच आहे, पोटात पाणी किती आहे, खाली घरे किती आहेत, यांतले काहीही त्या शब्दात मोजलेले नाही. धरण सुरक्षितता कायदा, २०२१ मात्र भिंतीकडे पाहतो. पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत पंधरा मीटरपेक्षा उंच असलेले प्रत्येक धरण त्या कायद्याच्या कक्षेत येते. दहा ते पंधरा मीटर उंचीचेही येते, पण त्यासाठी माथ्याची लांबी निदान पाचशे मीटर, साठा निदान दहा लाख घनमीटर, म्हणजे एक दलघमी, किंवा पुराचा महत्तम विसर्ग सेकंदाला निदान दोन हजार घनमीटर असावा लागतो, नाहीतर पाया विशेष अवघड किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी असावी लागते. दहा मीटरपेक्षा बुटके पाझर तलाव आणि गावतळी यांच्या वाट्याला तर हा कायदाच नाही. आमचे धरण अशा रीतीने एका हिशेबात लघु आहे आणि दुसऱ्या हिशेबात मोठ्यांच्या पंगतीला बसणारे आहे. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यांची संख्या दोन हजारांच्या वर आहे, असे आपण अभिमानाने सांगतो तेव्हा त्या आकड्यात कोयना आणि जायकवाडी यांच्यासारखी मोजकी असून गावोगावच्या अशा मातीच्या भिंतीच फार आहेत, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पाणी देण्याच्या बाबतीत हे धरण बरे म्हणावे असे आहे. उजव्या कालव्याला उन्हाळ्यात ठरलेल्या पाळ्या मिळतात, फक्त ठरलेल्या तारखेला मिळत नाहीत. डावा कालवा जांभ्याच्या भेगांत निम्मे पाणी पिऊन टाकतो आणि त्याच्या शेवटच्या टोकाची शेते मी कधीही भिजलेली पाहिलेली नाहीत. माझ्या अर्ध्या एकरात कलिंगड आणि पावटा निघतो. पाणीपट्टी इतकी किरकोळ आहे की ती भरायला तालुक्याला जाण्याचे एसटीचे भाडे जास्त होते. २००५ च्या कायद्यानुसार पाणी वापर संस्था नोंदलेली आहे, तिची सभा वर्षातून एकदा होते आणि चहा झाल्यावर संपते. धरणाचा खरा फायदा कालव्यापेक्षा विहिरींना झाला आहे. पूर्वी एप्रिलमध्ये तळ दाखवणाऱ्या खालच्या वाडीतल्या विहिरी आता मे अखेरपर्यंत टिकतात, आणि हंड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्या बायका धरणाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

मी गावी येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २ जुलै २०१९ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मेली. धरण शासनाचे होते, मातीचे होते आणि तेही लघु होते. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी भराव पोखरल्यामुळे धरण फुटल्याचे सांगितले आणि राज्यभर त्या खेकड्यांची चेष्टा झाली. आमच्या घरी मात्र कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सातबाऱ्याचे कागद आणि दागिन्यांचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर नेऊन ठेवला. तसे पाणी आले तर माळाही राहणार नाही, हे त्यांना सांगण्याचे धाडस माझ्याने झाले नाही. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा धरणावर गेले आणि तेव्हापासून दर महिन्याला एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा, जात आले आहे.

पहिल्या दोन खेपांना मला काहीच कळले नाही. हिरवा उतार, वर ढग, खाली पाणी, असे ते एक देखणे ठिकाण वाटले. तिसऱ्या खेपेला शेजारच्या वाडीतले एक निवृत्त शाखा अभियंता सोबत आले. त्यांची सगळी नोकरी अशाच धरणांवर गेली आहे. त्यांनी मला माथ्यावर न नेता सरळ पायथ्याशी नेले आणि चरात वाहणारे पाणी दाखवले. मी घाबरले. तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, पाणी येतंय म्हणून घाबरू नका. मातीचं धरण म्हटलं की झिरपणारच. माती येते का, ते बघा.” मग कोकम सरबताची एक रिकामी काचेची बाटली त्यांनी चराच्या तोंडाशी धरून भरली, आभाळाकडे धरून पाहिली आणि मला घरी नेऊन एक रात्र न हलवता ठेवायला सांगितली. सकाळी तळाशी नखाएवढ्या जाडीचाही गाळ नव्हता. बोट फिरवले तर जेमतेम तांबूस डाग उठेल इतकाच होता.

या बाटलीच्या मागे जे शास्त्र आहे ते समजायला मला एक पावसाळा लागला, पण ते अवघड नाही. भरावातून किंवा भरावाखालून जाणारे पाणी स्वच्छ असेल तर ते फक्त वाट काढत आहे. ते गढूळ झाले तर ते आपल्यासोबत मातीचे कण नेत आहे, म्हणजे आत कुठेतरी पोकळी होत आहे. ही पोकळी बहुधा बाहेरच्या तोंडापासून सुरू होऊन आत, जलाशयाच्या दिशेने सरकत जाते आणि एकदा तिची नळी थेट पाण्याला भिडली की उरलेले काम काही तासांचे असते. अभियंते याला पायपिंग म्हणतात. म्हणून झिरपा किती आहे यापेक्षा तो कालच्यापेक्षा वाढला का, त्याचा रंग बदलला का आणि तो नव्या जागी फुटला का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात, आणि तिन्हींची उत्तरे फक्त त्यालाच देता येतात जो कालही तिथे गेला होता. याच कामासाठी चराच्या तोंडावर त्रिकोणी खाचेचा एक पत्रा बसवलेला असतो. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते यावरून झिरप्याचे माप काढता येते. आमच्या धरणाचा तो पत्रा मी पाहिला तेव्हा एका बाजूने कुजून उलटा पडला होता आणि त्याच्या आडोशाला बेडकांनी अंडी घातली होती.

बांधणीला मी चांगले गुण देईन. माथा सरळ आहे, पावसाळ्यानंतर गाडीची चाके रुततात तेवढे खड्डे सोडले तर कुठे दबलेला नाही, लांबीच्या दिशेने भेगा नाहीत, आणि उतार कुठे फुगलेला किंवा खचलेला दिसत नाही. भरावाची माती ज्यांनी दाबली त्यांनी ती प्रामाणिकपणे दाबली असावी. देखभालीविषयी तेच म्हणता येत नाही. गावाकडच्या उतारावर २०१९ मध्ये करवंदीच्या जाळ्या आणि रानमोडी माजलेली होती आणि ऐनाची मनगटाएवढी जाड झालेली निदान डझनभर झाडे उभी होती. झाडे म्हणजे हिरवळ आणि हिरवळ म्हणजे चांगले, असा आपला सर्वसाधारण समज आहे, त्यामुळे ती तोडा म्हणून अर्ज देताना मलाच अपराधी वाटले. पण झाडाची मुळे ओलाव्याच्या मागे भरावात खोल जातात, झाड मेले किंवा वाऱ्याने उन्मळले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, आणि झाडी माजली की मधली ओल, भेग, बीळ काहीच डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मते शेवटचे कारण सर्वांत मोठे आहे. गवत हवे आणि तेही कापलेले हवे, म्हणजे उतार तळहातासारखा वाचता येतो.

बिळांवरून पुन्हा त्या खेकड्यांकडे यावे लागते. कुर्ल्या भिजलेल्या मातीत बिळे करतात हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि उंदीर, घुशी, साळिंदर व वारुळे यांचीही धरणांच्या पाहणीत नोंद घ्यायची असते. पण भरावाची जाडी पायथ्याशी उंचीच्या कितीतरी पट असते, त्यामुळे नीट बांधलेले आणि नीट पाहिलेले धरण कुर्लीच्या वीतभर बिळाने एका रात्रीत फुटत नाही. बीळ धोक्याचे ठरते ते आधीच कमकुवत झालेल्या, आधीच ओल धरलेल्या जागी. आणि समजा, खेकड्यांनीच पोखरले, असे मानले, तरी ती बिळे शोधून बुजवण्याचे काम खेकड्यांचे नव्हते.

सांडव्याच्या बाबतीत आमचे धरण भाग्यवान आहे. त्याला दरवाजे नाहीत. जलाशय पूर्ण संचय पातळीला आला की जादा पाणी आपोआप कातळावरून बाहेर पडते; वीज गेली, रस्ता बंद झाला, माणूस पोहोचला नाही, तरी सांडव्याला काही फरक पडत नाही. कोकणातल्या पावसात या गुणाची किंमत मोठी आहे. हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर झालेल्या पावसाला सर्वांत वरच्या वर्गात टाकते आणि घाटमाथ्याच्या आमच्या बाजूला असे दिवस बहुतेक पावसाळ्यांत येतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेले त्या दिवशी आमचा सांडवा आवाजाने ओळखू येत होता. घरात बसून ऐकू येणारी ती गाज रात्रभर एकसारखी होती आणि ती एकसारखी आहे, याच आधारावर आम्ही जागे राहिलो. मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. सिमेंटची किंवा दगडी भिंत ते काही काळ सोसू शकते, पण मातीवरून पाणी गेले की ते गावाकडचा उतार खालून वर खात येते. गुजरातेत मोरबीजवळच्या मच्छू धरणावर ११ ऑगस्ट १९७९ रोजी हेच झाले. सांडव्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी मोठा पूर आला आणि दगडी सांडव्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे भराव पाण्याने ओलांडून वाहून नेले.

म्हणून सांडवा आडवणे हा माझ्या मते गुन्हा मानला पाहिजे, आणि तो आमच्या गावात दर जूनमध्ये घडतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे सांडव्याच्या वहाळातून वर येतात, त्यांच्यासाठी तरुण मुले बांबूचे झाप आणि जाळी आडवी लावतात. मग त्यात पालापाचोळा अडकतो, त्यामागे ओंडके अडकतात आणि एका रात्रीत तिथे कमरेएवढी वाडग उभी राहते. एका वर्षी तर डिसेंबरमध्ये जास्त पाणी राहावे म्हणून कोणीतरी सांडव्याच्या उंबऱ्यावर वाळूच्या गोण्यांचा थर रचला होता आणि जून उजाडला तरी तो तसाच होता. हा दोष कार्यालयाचा नाही, आमचा आहे. गोण्या काढायला गेले तेव्हा ज्यांनी त्या रचल्या होत्या त्यांनीच हात लावला आणि वर मला विचारले, “काकी, एवढ्याशा गोण्यांनी काय होतंय?” एवढ्याशा गोण्यांनी जलाशयाची पातळी फूटभर वर जाते आणि माथा व पाणी यांच्यामध्ये राखलेले मोकळे अंतर तेवढेच कमी होते. ते अंतर पुरासाठी आणि लाटांसाठी ठेवलेले असते. त्यांना ते पटले की नाही हे मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी गोण्या नव्हत्या.

दरवाजे नसण्याचा एक तोटाही आहे आणि तो मला फार उशिरा कळला. संकटाच्या वेळी हे धरण लवकर रिकामे करता येत नाही. बाहेर पडायला वाट म्हणून फक्त ती विहिरीतली झडप आहे, आणि ती पूर्ण उघडली तरी भरलेला जलाशय उतरायला आठवडे लागतात. शिवाय पाणी फार वेगाने उतरवले तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरण्याची भीती असते, ती वेगळीच. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा खालची गावे रिकामी करून भरावाच्या बाजूने चर खणावा लागला आणि त्यातून पाणी काढून द्यावे लागले. तिथे जीवितहानी झाली नाही, कारण गळती वेळेवर दिसली आणि यंत्रे व माणसे वेळेवर पोहोचली. आमच्या झडपेची कथा अशी की २०२० साली ती एका माणसाने फिरत नव्हती. तिच्या चाकाला दहा फुटी लोखंडी पाइप अडकवून पाटकरी आणि त्यांचा मुलगा दोघे लोंबकळले तेव्हा ती कुरकुरत पाव फेरा हलली आणि वरून गंजाचे पोपडे पाण्यात पडले. पाटकऱ्यांची नोकरी रोजंदारीवरची, त्यांच्याकडे तीन धरणे, आणि ग्रीसचा डबा त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणलेला होता. त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कागदांविषयी. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची पाहणी करून ठरलेल्या नमुन्यात अहवाल भरायचा, अशी पद्धत आहे. पद्धत उत्तम आहे. नमुन्यातले प्रश्न वाचले तर वाटते की हे लिहिणाऱ्याने धरणावर आयुष्य काढले असावे: माथा, दोन्ही उतार, पायथा, झिरपा, सांडवा, झडप, पोहोचरस्ता, एकही गोष्ट सुटलेली नाही. मी २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारात आमच्या धरणाचे दोन वर्षांचे अहवाल मागवले. चारही अहवालांत वरपासून खालपर्यंत एकाच हस्ताक्षरात ‘समाधानकारक’ असे लिहिलेले होते. खाचेच्या पत्र्यासमोर ‘कार्यरत’ असा शेरा होता. तो पत्रा त्या वेळी दोन वर्षे उलटा पडलेला होता आणि त्याचे तारखेसह फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते. बँकेत मी तीस वर्षे लेखापरीक्षणाची कागदपत्रे पाहिली आहेत. ज्या तक्त्यात एकही उणीव नसते तो तक्ता खुर्चीत बसून भरलेला असतो, हे मला कोणी शिकवावे लागत नाही.

फोटो आणि अहवाल जोडून मी लेखी तक्रार दिली आणि आवक क्रमांकाची पोहोच घेतली. तीन महिने काही झाले नाही. त्यानंतर जे झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्याने रुजू झालेले एक कनिष्ठ अभियंता मे महिन्याच्या उन्हात एकटेच आले, मला निरोप पाठवून बोलावून घेतले आणि पायथ्यापासून सांडव्यापर्यंत अडीच तास चालले. त्या पावसाळ्याच्या आत उतारावरची झाडी कापली गेली, ऐनाची खोडे मुळासकट काढून खड्डे चिकण मातीने ठोकून भरले गेले, पत्रा नवा बसला आणि झडपेच्या दांड्याला तेलपाणी झाले. खर्च फार आला नसावा. गेल्या तीन वर्षांत अहवालातही ‘सुधारणा आवश्यक’ असे शेरे दिसू लागले आहेत आणि ते वाचून मला समाधान वाटते, हे ऐकून घरातले हसतात.

पर्यटक म्हणून येणाऱ्यांसाठी एक परिच्छेद पुरेसा आहे. माथ्यावरून संध्याकाळी सह्याद्रीची रांग दिसते आणि जुलैमध्ये समोरच्या कड्यावरून चार धबधबे मोजता येतात. पिचिंगच्या दगडांवर शेवाळ असते आणि विहिरीजवळ पाणी एकदम खोल आहे, तिथे उतरू नये. पिचिंगचे दगड चूल मांडण्यासाठी उपटू नयेत. ते शोभेसाठी लावलेले नाहीत.

शेवटी इशाऱ्याची व्यवस्था, आणि या सदराखाली लिहिण्यासारखे जवळपास काहीच नाही. तिवरे रात्री फुटले, त्यामुळे दिवसा कोणीतरी पाहील, ओरडेल, यावर मी विसंबून राहू शकत नाही. आमच्या धरणावर पावसाळ्यात रात्रीचा पहारा नाही, भोंगा नाही आणि दिवाही नाही. पाणी आले तर कोणत्या वाडीत किती वेळात पोहोचेल, कोणता साकव आधी जाईल, माणसांनी कोणत्या टेकडीवर चढायचे, याचा नकाशा ग्रामपंचायतीत नाही. फलकावरचा दूरध्वनी क्रमांक उन्हाने पुसलेला आहे, आणि मी शोधून काढलेल्या क्रमांकावर ऑगस्टमधल्या एका रविवारी फोन केला तो कोणी उचलला नाही. सध्या आमच्याकडे जे आहे ते गावाने उभे केलेले आहे: एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्याला अतिवृष्टीत रेंज नसते, आणि ग्रामदेवतेच्या देवळातली घंटा, जी अवेळी सलग वाजली तर वरच्या आंब्याच्या बागेत जमायचे असे ठरले आहे. गेल्या वर्षी आम्ही एकदा रंगीत तालीम केली. खालच्या वाडीतली सगळी माणसे बागेत यायला एकोणीस मिनिटे लागली, त्यात एका आजींना खुर्चीत बसवून आणावे लागले. पाण्याला किती मिनिटे लागतील हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

पाणीपुरवठ्याला मी पाचपैकी तीन गुण देते, बांधणीला चार, देखभालीला पूर्वी एक दिला असता तो आता तीन, आणि इशाऱ्याला शून्य. शून्य हा रागाने दिलेला गुण नाही. धरणाच्या मालकाने आपत्कालीन कृती आराखडा तयार करावा असे २०२१ चा कायदा सांगतो आणि आधीपासून उभ्या असलेल्या धरणांसाठी त्याला पाच वर्षांची मुदत देतो. या वर्षी मी त्या आराखड्याची प्रत मागितली. महिन्याभरात उत्तर आले: ‘सदर योजना लघु असल्याने आराखडा तयार करण्यात आलेला नाही.’ त्यावर मी अपील केले आहे. अर्जात कायद्यातली उंचीची व्याख्या उतरवून दिली आहे, फलकाचा फोटो लावला आहे आणि पायऱ्या एकशे अठरा आहेत असे लिहिले आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.